एकतीस वेळा सुरू केलेली डिस्क

नाही हो ताई, पंखा नाही — पंखा असता तर मी काल निवांत झोपले नसते का? काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणजे आवाज येत होता म्हणून नव्हे, कॉम्प्युटर बंदच होता, प्लगसुद्धा काढून ठेवला होता मी आणि वर त्याच्या पिनांना फडकं गुंडाळलं होतं, कशासाठी ते विचारू नका — झोप उडाली ती गुरुवारच्या काळजीने. आज मंगळवार. गुरुवारी अकरा वाजता आम्हाला एके ठिकाणी जायचंय, तीन महिन्यांपूर्वी नंबर लावलाय, आणि तिथे जे न्यायचंय ते सगळं या डब्यात आहे आणि डबा टकटकतोय. तर पंखा नाही. पंखा एकसुरी घरघरतो, हे मला आता कळतं. आठ दिवसांपूर्वी कुणी सांगितलं असतं ना, की कॉम्प्युटरच्या पोटात पंखा असतो, तर मी म्हटलं असतं, कशाला, छताला आहे की.

हो, तुम्ही फक्त “कधीपासून” एवढंच विचारलंत, माहितीय मला. पण मला नुसतं “आठ दिवस” असं सांगताच येत नाही, माझा इलाज नाही त्याला. डॉक्टरकडेही तेच. ते विचारतात ताप किती, आणि मी सुरुवात करते पोरगी जन्मली तिथून. — ठकू, तोंडात नको घालू ते बटण! — नाही, घालत नाही ती, चार वर्षांची होईल आता, कळतं तिला सगळं, मीच आपली सवयीने ओरडते. तुम्ही जुना कीबोर्ड दिलात तिला खेळायला, फार बरं केलंत. घरी माझ्या कीबोर्डला हात लावू देत नाही मी. मी प्रुफं तपासते ना, शाळेच्या पुस्तकांची, घरून. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि पैसे घ्यायचे. स्वतःच्या चुका फुकटात सापडतात.

तर आवाज असा — करून दाखवते — टक्. टक्. टक्. मग जरा थांबतो, दम खाल्ल्यासारखा. मग कर्रर्र, बारीक, झोपेत कुणी दात खावेत तसं — आणि पुन्हा टक्. असं सात वेळा, कधी नऊ. मग सगळं सुरळीत, जसं काही झालंच नाही. आणि मी माउसला हात लावला रे लावला की पुन्हा टक्. नवरा म्हणतो, तू त्या आवाजाची नक्कल त्या आवाजापेक्षा मोठ्याने करतेस. ते खरं आहे, पण त्याने मूळ आवाज ऐकलाच नाहीये, तर त्याला तुलना कशी जमली हा माझा प्रश्न आहे.

काय काय करून पाहिलं? हसणार नसाल तर सांगते. बरं, हसा. पहिल्या दिवशी ठकूच्या रंगाच्या ब्रशने धूळ काढली, आतून अर्धी वाटी निघाली, आवाज तसाच. मग वाटलं, टेबल भिंतीला लागून आहे, त्याने आवाज घुमत असेल, म्हणून टेबल खोलीच्या मधोमध ओढलं. मग फ्रिज बंद केला, फ्रिजचाच असेल तर. मग भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढले — टकटक म्हटल्यावर पहिला संशय घड्याळावर यायला हवा होता की नाही? — तर आवाज तसाच आणि वर वेळ कळेना, पोरीला आणायला शाळेत वीस मिनिटं उशिरा पोहोचले, तिथे शिपाईणबाई तिला मांडीवर घेऊन बसलेल्या. मग कुठेतरी वाचलं, की लाकूड कानाला लावून दुसरं टोक यंत्राला टेकवलं की आवाज नेमका कुठला ते कळतं, मेकॅनिक लोक करतात म्हणे. घरात लाकडी काय? पळी. तर मी टेबलाखाली पालथी, पळीचा दांडा कानात, पळीचं डोकं डब्याला टेकवलेलं, डोळे मिटलेले, आणि दारात सासूबाई. फक्त विचारलं, “जेवलीस का?” आमच्या सासूबाईंनी “जेवलीस का” विचारलं ना, की समजायचं पाणी डोक्यावरून गेलं.

पण पळीने कळलं, हं. आवाज पंख्याच्या बाजूचा नव्हता. समोरच्या खालच्या कोपऱ्यातला, ही आत्ता तुम्ही काढताय ना, ही, हिचा. हार्ड डिस्कचा. हो, तो एक स्क्रू नाहीये तिथे. तो... होता. येते त्याच्याकडे.

मुख्य अडचण नवरा. वाईट नाहीये हो तो, मोजणी खात्यात आहे, दिवसभर उन्हात उभं राहून दुसऱ्यांच्या जमिनी मोजतो, घरी आल्यावर त्याला काहीच मोजायचं नसतं. तो आला की आवाज बंद. अगदी चप्पल दारात वाजली की बंद. तो खुर्चीवर बसणार, पाच मिनिटं ऐकणार, कॉम्प्युटर असा शहाण्यासारखा चालणार, आणि मग तो म्हणणार, “कान वाजतात तुझे.” आमच्या घरात सगळ्यांनाच ही खोड आहे — समोर माणूस आलं की गप्प. मी सोडून. मी माणूस दिसलं की सुरू, ते तुम्ही बघताच आहात.

म्हणून मग वही केली. — पिशवीत आहे, दाखवते. — नाही, ही तिच्या झोपेची. ही तिच्या जेवणाची. ही. बघा, तारीख, वेळ, टक् किती, मध्ये थांबली किती, कर्रर्र होतं की नव्हतं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. “सकाळी ९:१०, सात टक्, कर्रर्र बारीक, पुसट.” “९:२५, नऊ टक्, स्पष्ट.” “९:४०, काही नाही. संशयास्पद.” बंद करायचा, पाच मिनिटं थांबायचं, सुरू करायचा, ऐकायचं, लिहायचं. नवऱ्याला दाखवायला. म्हटलं, कान वाजत असतील तर इतक्या शिस्तीत वाजतील का? एकूण एकतीस वेळा. चार दिवसांत एकतीस नोंदी, रोज सरासरी —

असं का बघताय तुम्ही?

म्हणजे? ... नाही, समजलं, पण परत सांगा. आत तबकडी असते. गुळगुळीत, आरशासारखी. आणि तिच्या वरून तो बारीक हात फिरतो, न टेकता. आणि हा टक् म्हणजे त्याला त्याची जागा सापडत नाही, म्हणून तो मागे येतो, पुन्हा जातो, पुन्हा मागे. आणि कर्रर्र म्हणजे... टेकतो. म्हणजे खरवडलं जातं. दर वेळी सुरू केलं की थोडं आणखी खरवडलं जातं.

एकतीस वेळा.

पहिल्यांदा वाजली तेव्हाच बंद करून आणायला हवी होती, हो ना? तेव्हा आणली असती तर — नाही, सांगू नका. सांगा. नको. बघा म्हणजे कमाल आहे की नाही, दुसरी एखादी बेफिकीर बाई असती तर तिने आवाजाकडे लक्षच दिलं नसतं, कॉम्प्युटर एकदा सुरू करून दिवसभर चालवला असता, आणि मी, जिने रकाने आखले, लाल पेनाने अधोरेखन केलं... आजारी माणसाला वैद्याकडे न्यायचं सोडून घरीच चार दिवस म्हणत बसायचं, हं, खोक बघू अजून एकदा, नीट ऐकू आलं नाही. माझ्या काळजीने जेवढं नुकसान होतं ना घरात, तेवढं दुर्लक्षाने कुणाचं झालं नसेल.

काय? ते लेबल? सुरकुतलंय का? उन्हाने असेल. मी टॅक्सीत डबा मांडीवर धरला होता, ऊन येत होतं त्या बाजूने... डाग कसले? पाण्याचे?

फ्रीझर.

हो. दुपारभर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, वर रबरबँड लावून, मटाराच्या पाकिटाशेजारी. गार केली की चालते असं नेटवर कुणीतरी लिहिलं होतं, ताई, खाली साठ जणांनी “धन्यवाद, माझी चालू झाली” असं लिहिलं होतं. बाहेर काढल्यावर पाणी सुटेल हे मला सुचलं नाही, मला, जी पोरीचं डोकं ओलं राहिलं तर तीनदा पुसते. तेव्हा तो स्क्रू गेला. मटारात गेला असेल, आता घाबरून मटार करत नाहीये मी. नवऱ्याला हे माहीत नाही. सासूबाईंना माहितीय, कारण फ्रीझर त्यांनीच उघडला. विचारलं, “जेवलीस का?”

बरं. तर मग काय उरलं? म्हणजे निघेल का काही?

...एकदाच. म्हणजे एकदा जोडायची, तुमच्या त्या दुसऱ्या मशीनला, आणि ती जोवर टिकेल तोवर उपसून घ्यायचं. मध्येच गेली तर गेली. म्हणून आधी काय उपसायचं ते मी सांगायचं. कागदावर लिहून द्यायचं, पहिलं, दुसरं, तिसरं. बरोबर आहे. आग लागली की आधी काय बाहेर काढायचं तसं. द्या कागद.

नवऱ्याचे नकाशे — ते शेवटी, त्याच्या ऑफिसात प्रती आहेत. त्याच्या लग्नाआधीच्या सहलीचे फोटो, आठ मित्र आणि एक तंबू, शेकडो, प्रत्येकात तेच आठ मित्र आणि तोच तंबू — त्याच्याही शेवटी. माझं काम, एक भूगोल अर्धा तपासलेला, तो मेलवर आहे. लग्नाचे फोटो माहेरी आहेत. आणि एक फोल्डर आहे... त्याला नाव नाही दिलेलं, नवीन फोल्डर असंच आहे. त्यात तिचं बोलणं आहे.

हिचं. ठकूचं. चारशे बारा रेकॉर्डिंग. — हळू बोलते, ऐकतेय ती, पाठ आहे तिची पण कान इकडे आहेत. गुरुवारी त्याच्यासाठीच जायचंय, स्पीच थेरपिस्टकडे. त्या म्हणाल्या, पूर्वीचं बोलणं काही ध्वनिमुद्रित असेल तर आणा. आता बोलत नाही ना ती. म्हणजे बोलते, “पाणी”, “नको”, “हे” — बोटाने दाखवून — आणि खोलीत एकटी असली की खेळण्यांशी काहीतरी पुटपुटते, दाराबाहेरून ऐकू येतं मला, वाक्यंच्या वाक्यं असतात, आणि मी दार ढकललं की बंद. शाळेत तर एक अक्षर नाही, वर्षभर. बाईंना वाटतं तिला येतच नाही बोलायला. सासूबाई म्हणतात, कधी बोलत होती, आम्ही तरी नाही ऐकलं, काही मुलांना उशीर होतो, तुझ्याच कानाला वाटलं असेल. पुन्हा माझे कान. पण बोलायची हो! अडीच वर्षांची होती तेव्हा — बाबा आला होता पावसातून भिजून, बूट चिकचिक वाजत होते त्याचे, तर ही दाराशी उभी राहून म्हणाली, “बाबाच्या बुटांना रडू येतंय.” अडीच वर्षांची, ताई. अख्खं वाक्य, कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. माझ्याकडे कामाला येणारी पुस्तकं लिहिणाऱ्यांना जमत नाही ते.

आणि मी काय केलं? फोन आणायला धावले. म्हटलं, थांब हं राणी, थांब, पुन्हा म्हण. म्हणाली. तेवढ्यात फोनने सांगितलं जागा शिल्लक नाही. दोन व्हिडिओ पुसले, म्हटलं पुन्हा म्हण. म्हणाली. तेव्हा बोट माझं चुकीच्या बटणावर. तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा बाबा हसला मध्येच. चौथ्यांदा जरा बारीक आवाजात. ते आहे, फोल्डरमध्ये. मग मला वाटलं अजून एकदा नीट घेऊ, माहेरी आजीला पाठवायचंय, तर पाचव्यांदा तिने “बाबाच्या” एवढंच म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला. असा. दोन्ही हात.

हो, दुसरी प्रत नाही. विचारणारच होतात तुम्ही. फोनमधून इकडे टाकायचे आणि फोनमधले पुसायचे, जागा हवी ना, पुढच्या रेकॉर्डिंगला. प्रत करायला वेगळी डिस्क आणली होती, दीड वर्षापूर्वी, अजून खोक्यात आहे. फोल्डरला नावं काय द्यायची ते ठरत नव्हतं. वयाप्रमाणे लावायचे की शब्दांप्रमाणे. फ्रिजवर चिठ्ठीही आहे, “प्रती करणे”, आणि पुढे बरोबरची खूण केलीय मी, कारण डिस्क विकत आणली म्हणजे अर्धं काम झालं असं तेव्हा वाटलं.

तर पहिल्या नंबरला तेच लिहायचं. लिहिते. — लिहितेय हो, पेन चालतंय.

एक सांगू का ताई? वाईट आहे, पण तुम्ही काही आमच्या नात्यागोत्यातल्या नाही, म्हणून सांगते. मागच्या आठवड्यात, गुरुवारसाठी निवडून ठेवावीत म्हणून, मी ती ऐकायला बसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. घेतली चारशे बारा, ऐकलं एकही नव्हतं. आणि त्यात, काय सांगू, ती कमी आहे. मीच आहे. सगळीकडे मी. “म्हण ना. म्हण ना गं. मघाशी कसं म्हणालीस? आजीला म्हणून दाखव. असं नाही, मघासारखं. एकदाच. शेवटचं. बघ चॉकलेट.” आणि मागे कुठेतरी ही, एक शब्द, दोन शब्द. तारखेने ऐकत गेलं की माझं बोलणं वाढत जातं आणि हिचं कमी कमी होत जातं. शेवटची चाळीस तर... नुसती मीच आहे. आणि हे घेऊन मी त्या थेरपिस्टबाईंसमोर बसणार गुरुवारी. पुरावा म्हणून. आणि ऐकायला बसले त्याच दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा हा टक् आला, आणि ताई, खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. एक क्षण. म्हटलं, गेलं तर जाऊ दे. मग लगेच बुटांचं ते वाक्य आठवलं, आणि ते तेवढं एकच आहे जगात, त्या चौथ्या वेळचं. म्हणजे एकतीस वेळा मी कॉम्प्युटर आवाज ऐकायलाच सुरू केला, की... जाऊ दे. तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता, माणसं नाही.

तर पहिलं ते. ठरलं. असू दे माझा आवाज त्यात, ऐकू देत त्यांना, दुखण्याचं निदान घरूनच तयार होऊन आलेलं बरं. दुसरं भूगोल. तिसरं नकाशे. तंबू नकोच, तंबू जळू दे. घ्या कागद.

— थांबा, फोन. त्याचाच आहे. — हॅलो. हो, दुकानात आहे. हार्ड डिस्कच आहे, त्या ताई म्हणाल्या. ... नाही, कान वाजत नव्हते माझे! ... हो का? मग ऐकच तू. थांब. थांब, ठेवू नको. — ताई, तो आहे फोनवर, म्हणतोय दुकानदार असंच सांगतात. तुम्ही त्या वायरीला जोडलीच आहे ना, फक्त एकदा सुरू करा, दोन सेकंद, हा फोन असा जवळ धरते मी. एकदा टक् म्हणू दे तिला, म्हणजे त्याची खात्री पटेल, मग लगेच बंद करा. ... हो, कळलं मला, एकदाच आहे, पण दोन सेकंदांनी असं काय... बत्तिसावं, शेवटचं, देवाशप्पथ. आठ दिवस वेडी ठरलेय हो मी घरात. — ऐकतोयस ना रे? स्पीकरवर टाकते. — तुम्ही नाही लावत तर मी दाबू का ते बटण, हे ना? — अगं, तू कुठे मध्ये आलीस, हात काढ त्याच्यावरून, ठकू, काढ हात, आई फक्त एकदा —

“नको ना, आई. तिला नाही म्हणायचंय.”